साहेबाची काटकसर आणि आमच्या अंघोळी

रोज दुसऱ्याच्या घरात शिरून त्याला अंघोळ घालणाऱ्याजवळ इतके किस्से साठतात, की न्हावीसुद्धा उसने मागायला येतील! सत्तर सालानंतरची गोष्ट. सांगलीकडं आमच्या तालुक्यात सरकारनं योजना काढली: घरात पडून असलेल्या अपंगांकडं रोज एक मदतनीस जाणार, पगार सरकारचा. मी चौथी नापास, पण हात मऊ. घेतलं मला!

*

लवकरच योजनेचा पैसा आटला. नवे साहेब साताऱ्याचे, उन्हाळ्यातबी टाय! म्हणाले, "योजना टिकवायची तर काटकसर हवी. एका घरात फक्त अर्धा तास."

माझ्या वाट्याच्या घरांतले तात्या कंबरेखाली लुळे, पण जीभ पैलवान. त्यांना सांगितलं, तर म्हणाले, "मग आज डावी बाजू धू, उजवी उद्या. आन् साहेब आला की त्याला उजव्या अंगाला बसीव!"

*

इसाकभाई शिंपी. दोन्ही डोळे गेलेले. एकदा मी दारात उभा राहून साहेबाचा आवाज काढला, "योजना बंद! उद्यापासून कोणी येणार नाही!"

इसाकभाई म्हणाले, "साहेब, तुमच्या तोंडाला आमच्या शिरपाच्या तंबाखूचा वास येतोय!"

मी लय हसलो. ते हसले नाहीत. "दुसरी कसलीबी थट्टा कर गड्या," म्हणाले, "ही नको."

*

मग साहेबांनी नवा नियम काढला. ज्याला कुणीच नाही, त्यालाच मदतनीस. आणि विचारणार कुठं? चावडीवर, भरल्या गावात!

खाटेवर घालून तात्यांना आणलं. "तुम्हाला कोणी आहे का?"

"म्हंजे? चार पुतणे हायती मला! वाघावानी!"

यादीतनं नाव कमी झालं. वाघांनी आषाढात बैलांच्या बेंदराला तोंड दाखवलेलं, आता दिवाळी सरली होती. मी म्हणालो, "आवं तात्या, असं का बोललासा?"

"ह्याच गावात मरायचंय रं मला."

*

म्हणून इसाकभाईंना मी घरी पढवलं. चावडीवर ते बरोबर बोलले, "मला कुणी न्हाई."

शेजारी उसळले, "आमी मेलो व्हय?" दोन दिवस इसाकभाईंकडं इतक्या भाकऱ्या आल्या, की मीपण जेवलो. तिसऱ्या दिवशी पुन्हा आम्ही दोघंच. पण नाव राहिलं!

*

शेवटी आबा. फौजेतले हवालदार, ट्रक उलटून पाय गेलेले. बायको वारलेली, लेकरू नाही. खरोखर कुणी नाही! मी निर्धास्त. त्यांना पाठीवर घेऊन गेलो, चावडीच्या पायरीवर टेकवलं आणि शेजारी बसलो.

साहेब म्हणाले, "आबा, तुम्हाला कोणी आहे का?"

मी हळूच चिमटा काढला. आबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"हाय की. ह्यो काय, शिरपा!"

अख्खी चावडी हसली. साहेबपण हसले, आणि नाव कमी केलं. "बघा," कारकुनाला म्हणाले, "खर्च असा वाचतो!"

दुसऱ्या दिवसापासून मला पलूसच्या बाजूची घरं मिळाली. ती उरकून, सायकल दामटत, दिवस कलताना आबांच्या दारात पोचलो. आबा उंबऱ्याकडं तोंड करून बसलेले. गालाला दाढीसाठी सकाळीच लावलेला साबण. वाळून पांढरा पडलेला.

"लय येळ लावलास रं," म्हणाले.