टेबलावरची पुस्तकं

आमच्या विद्यापीठाच्या ग्रंथालयात एक साधी पद्धत होती. वाचकानं वाचून टेबलावर ठेवलेलं पुस्तक रॅकवर लावण्याआधी त्याचा बारकोड स्कॅन करायचा, म्हणजे ते वापरात असल्याची नोंद होते. माणसं कमी झाली तेव्हा ‘राहू द्या, सरळ लावा’ असं हाताखालच्यांना मीच सांगितलं. हे बरीच वर्षं मी कुणाला बोलले नाही.

मग दहा-बारा वर्षांनी तळमजला रिकामा करायचं ठरलं. विद्यार्थ्यांना गटानं बसायला काचेच्या खोल्या हव्या होत्या. दहा वर्षांत नोंद नाही ते पुस्तक काढायचं. यादी संगणकानं दिली, सही मी केली.

शहरातल्या हेब्बाळ भागातून एक म्हातारे गृहस्थ रोज यायचे. घराणं पिढ्यान्‌पिढ्या इथल्या कन्नड मुलखातलंच, बोलण्यातली मराठीही निम्मी कन्नड. बाहेरचे सभासद असल्यानं त्यांना पुस्तक घरी नेता येत नसे. जुन्या मराठी पत्रांचे चार खंड टेबलावर घेऊन बसायचे आणि आपल्या पूर्वजांचा जिथे जिथे उल्लेख सापडेल तो वहीत उतरवायचे. रोज हाताळलेले ते खंड, पण नोंद शून्य. रद्दीत गेले.

त्यांनी विचारलं तेव्हा मी बाइंडिंगला गेलेत म्हणून सांगितलं. पुढच्या आठवड्यात तेच, पुढच्या महिन्यात तेच.

“अक्का, तुमचा बाइंडर काशीला गेला काय?” ते हसून म्हणाले. मीही हसले. त्या हसण्याची लाज अजून जात नाही.

काचेच्या खोल्या सकाळपासून भरलेल्या असतात. मुलं फळ्यावर काही मांडतात, भांडतात, शिकतातच की. मग चुकलं काय? नियम, यादी, की फक्त मी? कितीदा विचार केला, दर वेळी उत्तर वेगळं येतं.

शेवटी एका सोमवारी सांगून टाकलं. खंड मी काढले, नोंद माझ्यामुळे राहिली, सगळं.

त्यांनी हातातली वही मिटली. “म्हणजे मी रोज येत होतो, ते कुठंच नाही?”

“नाही, अण्णा.”

“सरी, बरं,” म्हणाले आणि खुर्ची ओढून बसले.

खंडांची स्कॅन केलेली प्रत आमच्याकडे आहे, पण ती विद्यापीठाच्या ईमेलशिवाय उघडत नाही. माझ्या लॉगिनवर उघडून दिली. हे नियमात बसत नाही. कितवं पान, म्हणून विचारलं.

“तिसरा खंड. पान आठवत नाही, अक्का. खूण आत ठेवली होती.”

मी पहिल्यापासून एकेक पान सरकवायला लागले.