जपानी झाडांची पडवी

माझा थोरला भाऊ बोटीवरची नोकरी सोडून रत्नागिरीला परतला, तो जपानातून अकरा बुटकी झाडं घेऊनच. झाडं वीतभर उंचीची, पण वय म्हणे साठ-सत्तर वर्षं. त्यानं पुढची पडवी तट्ट्या लावून बंद केली आणि दारावर ‘जपानी वृक्षसंग्रहालय’ अशी पाटी ठोकली. गावातले मास्तर, कारकून बघायला येत. मी हातखंब्याला सासरी. माझं जाणं वर्षभरानं, शिमगा उरकल्यावर झालं.

आत शिरताच सुक्या मासळीच्या खताचा आणि तेलकट रंगाचा भपकारा आला. खोडांना तांब्याच्या तारा आवळलेल्या. एके ठिकाणी तार सालीत रुतली होती आणि बाहेर आलेल्या चिकाला मुंग्या चिकटून मेल्या होत्या. मी एका झाडाला हात लावला. फांदी काडकन मोडली आणि बोटं हिरवी झाली.

“हात लावू नको गो!”

“दादा, हे मेलंय.”

“हळू बोल. मास्तर आलेत.”

अकरातली नऊ झाडं पहिल्याच उन्हाळ्यात वाळली होती, हे मला वहिनीनं स्वयंपाकघरात सांगितलं. दर पंधरवड्याला ती त्यांना हिरवा रंग देई, आणि लोकांसमोर पाणीही घाली. तिनं नखं दाखवली. “घासलेटनंही जात नाही, वन्सं. भात वाढताना माझी मलाच किळस येते.”

पडवीत दादा मास्तरांना सांगत होता, “आपल्या उन्हातसुद्धा कशी टवटवीत आहेत बघा!”

मला राहवलं नाही. “मास्तर, जरा हात लावून बघा.”

मास्तरांनी लावला. बोट पाहिलं, उपरण्याला पुसलं आणि म्हणाले, “वा! जोपासना उत्तम.” मग दोघंही हसले. त्या दुपारी मी जेवले नाही.

दुसऱ्या दिवशी वहिनीला आठ दिवसांसाठी म्हणून माझ्याकडे आणली, ती दीड महिना राहिली. दादाचं एकच कार्ड आलं. झाडं बघायला माणसं येतात, लवकर ये, एवढंच. तिच्या तब्येतीचा शब्द नाही.

शेवटी ती आपणहून निघाली. “जाते. पण कुंचला हातात धरणार नाही.”

तिनं तो धरलाही नाही. दादा स्वतः रंगवू लागला. त्या वर्षी भाऊबिजेला मी गेले नाही.