त्यांची सिंफनी, माझं मेटल

"अगं, तुमच्यात छान नाचतात ना? मग नाच की ह्यावर!"

साहेबांची बायको हे सगळ्या पाहुण्यांसमोर म्हणाली. इंदिरानगरचा बंगला. प्रत्येकाच्या हातात काजूची वाटी. मी सुरगाण्याकडची आदिवासी पोर, अंबडच्या कारखान्यात ट्रेनी. मला कायम करायचं की नाही, ते साहेबांच्या हातात.

बोलावलं साहेबांनीच होतं. जेवणाच्या सुट्टीत मला वॉकमनवर हेवी मेटल, ते कर्कश गिटारींचं विलायती संगीत, ऐकताना त्यांनी पाहिलं. "तू हे ऐकतेस? रविवारी घरी ये, खरं संगीत ऐकवतो." मी वेडी, हरखले. ठेवणीतला ड्रेस घालून गेले.

त्यांनी सिंफनी लावली. युरोपातला रोमँटिक काळ, म्हणजे एकोणिसावं शतक, म्हणाले. आधी नुसती कुजबुज. मग जाड आवाजाच्या तारा एकच ओळ घोकू लागल्या, वर पितळी वाद्यं तुटून पडली. अंगावर काटा आला. हे तर मला ठाऊक होतं! माझ्या कॅसेटमध्ये गिटार हेच करते. तेच वादळ, तेच मरण, तोच संताप. कसं वाटलं, असं त्यांनी विचारलं, तेव्हा मी खरं ते सांगितलं. "साहेब, हे आणि मेटल सख्खी भावंडं आहेत."

हशा पिकला. "कुठे इंद्राचा ऐरावत आणि कुठे शामभट्टाची तट्टाणी!" एक पाहुणा म्हणाला. त्यावरच मॅडमना माझा नाच सुचला.

"नाय नाचणार." शहरात जपून वापरलेली भाषा सुटली ती सुटलीच. "हा राग हाय, मॅडम. काजू खाता खाता तो तुमाला ऐकू यायचा नाय."

कुणीतरी सीडी बंद केली. मी चपला घालून निघाले.

सोमवारी केबिनमध्ये साहेब म्हणाले, "मॅडमची माफी माग, विषय संपला." मी मागितली नाही. महिनाअखेर कामावरून काढलं. खोलीवर येऊन रडले. पण माफी कशाची मागायची? मला कान आहेत याची?

कुणीतरी छाती फोडून लिहिलेलं संगीत तुम्ही दिवाणखान्यात बांधून घातलंत. ते तुमच्या बापजाद्यांचंही नव्हतं. तेही साता समुद्रापलीकडून आलं, माझं मेटलही तिकडूनच आलं. मग तुमचं ते संगीत आणि माझा तो गोंगाट, हे कुणी ठरवलं?

मी दोन्ही ऐकते, आवाज पूर्ण वाढवून. आणि कुणी बड्यानं घरी बोलावलं, तर दारातच विचारते, "ऐकायला बोलावलंत, की नाचवायला?" त्यावर जो हसतो, त्याचा उंबरा मी ओलांडत नाही.