तब्येत सुधारली

सोमवार, १० फेब्रुवारी २०२५, सकाळी साडेदहा. त्या घटकेला खोपोलीतील एका दवाखान्याच्या वजनकाट्यावर सिद्ध झाले की माझ्या व्याह्यांइतका आज्ञाधारक रुग्ण उभ्या खालापूर तालुक्यात दुसरा नाही.

व्याही म्हणजे माझ्या मुलीचे सासरे. मी कर्जतचा, अंगाने काटकुळा. ते शिळफाट्याजवळच्या गावचे, आणि ते बसले की रिक्षावाला विनवतो, "दादा, मधी बसा, नायतर पुढलं चाक उचलतं." जगातील माणसांचे त्यांनी दोनच वर्ग केले आहेत, तब्येतीची आणि बिनतब्येतीची. 'भूक नाही' हे त्यांना एखाद्या आजाराचे नाव वाटते. लग्नाच्या बैठकीत त्यांनी देण्याघेण्याचा विषय काढला नाही, मानपानाचा काढला नाही, माझ्याकडे बराच वेळ पाहून एवढेच विचारले, "पोरगी तरी जेवते ना?" तेव्हापासून ते दर हंगामात मला तांदळाचे पोते धाडतात आणि भेटलो की बाजारात बैल पाहावा तसे माझे दंड चाचपतात. "व्याहीबुवा, लोकं मला नावं ठेवतात. सोयऱ्याला उपाशी ठेवला बोलतात."

गेल्या वर्षी त्यांना हर्निया झाला. शहरातून आलेल्या तरुण डॉक्टरांनी सांगितले, या अंगाला भूल देणे धोक्याचे. आधी तब्येत सुधारा, मग ऑपरेशन करू. आमच्या भागात 'तब्येत सुधारली' असे अंगावर मांस चढलेल्या माणसाला म्हणतात. व्याही घरी आले आणि त्यांनी मन लावून पथ्य सुरू केले. सकाळी डिंकाचे लाडू, दुपारी भातावर तूप, रात्री दुधात खारीक. मुलीला शंका आली. तिने मला फोन केला, "अण्णा, तुम्ही त्यांच्यासोबत जा. माझं ते हसण्यावारी नेतात."

डॉक्टरांनी काट्याकडे पाहिले, मग व्याह्यांकडे. "वाढलं? मी काय सांगितलं होतं?"

"तब्येत सुधारा बोललात. सुधारली की! गावात इचारा."

"दादा, कमी करायची होती."

"मंग तसं सांगायचं ना! सुधारा काय बोलता?"

भाषेचा निकाल व्याह्यांच्या बाजूने होता, हे मला मान्य करावे लागले. डॉक्टर हसले, पण थोडेच. "आतडं अडकलं तर मला वेळ मिळणार नाही," ते म्हणाले. बाहेर बाकांवर बसलेल्या निम्म्या लोकांना, त्यांत शाळकरी मुलेही आली, आपण वजनाचेच सांगतो, अशी पुस्तीही त्यांनी जोडली. पूर्वी त्या बाकांवर अशक्त माणसे बसत. आता बाकेच अशक्त झाली आहेत.

शिळफाट्यावर एका बाजूला वड्याची गाडी, समोर व्यायामशाळा आणि मधे रक्त तपासण्याची प्रयोगशाळा आहे. तिघांचेही उत्तम चालते. व्याह्यांनी वड्यांकडे पाहिले नाही. तेव्हा मला भीती वाटली.

आम्ही रिक्षात बसलो. मग ते म्हणाले, "माझ्या आदल्या दोन भावांनी आंगच धरलं नाय. लहानपणीच गेले. आय मला काखेत घेऊन सगल्या आळीत दाखवायची, 'ह्यो माझा तब्येतीचा.' आता बारीक होऊन कुनाला दाखवू, व्याहीबुवा?"

 त्यांच्या गावच्या वेशीपाशीच मी रिक्षा सोडून दिली आणि म्हटले, "चला, पायी जाऊ." ते वाटेत दोनदा मोरीच्या कठड्यावर बसले. नळावरच्या एका बाईने हटकले, "दादा, चालत? रिक्षा बंद हाय का काय?"

"नाय गं," ते धापा टाकत म्हणाले. "व्याह्यांना डॉक्टरनं चालायला सांगितलंय. एकट्याला कसा सोडू?"

मी ते खोडून काढले नाही. मुलीच्या सासरी मुक्काम करण्याची आमच्यात रीत नाही आणि मी तोवर केलाही नव्हता. त्यांच्या ओटीवर चपला काढल्या, कर्जतच्या शेजाऱ्यांना फोन लावला आणि माझ्या कुंड्यांना काही दिवस पाणी घालायला सांगितले.