छायाच्या कॉम्प्युटरवर दुसरी सिस्टीम

खालापूरच्या एसटी थांब्यामागं छायाचा भरतकामाचा गाळा आहे. ब्लाउजच्या पाठीवर मोर, बाह्यांवर वेली, नवरीच्या शेल्यावर नावं. डिझाइन कॉम्प्युटरवर काढायची आणि मशीनवर भरायची. हे काम ती लग्नानंतर शिकली, कर्जतच्या एका दुकानात उभ्याउभ्या बघून. बसा म्हणायला तिथं कुणी नव्हतं, आणि छायाला तसंही एका जागी बसवत नाही.

तिची नणंद हर्षला साजगावच्या एका कारखान्यात, ऑफिसात कामाला. तिला सर्व्हरच्या खात्यात जायचं होतं आणि त्यासाठी लिनक्स, म्हणजे विंडोजसारखीच कॉम्प्युटर चालवणारी दुसरी सिस्टीम, यायला हवी होती. घरात कॉम्प्युटर एकच, छायाचा, गाळ्यातला.

"वहिनी, तुमचं विंडोज तसंच राहील," हर्षला म्हणाली. "डिस्कचा थोडा भाग मोकळा करून तिथं लिनक्स टाकू. चालू करताना तोच विचारेल, कुठलं उघडू म्हणून."

"आन् माजी डिझाइनं?"

"ती आधी पेन ड्राइव्हवर काढून ठेवा."

छाया हो म्हणाली आणि त्या क्षणापासून तिला चैन पडेना. भाकरी थापताना मध्येच उठून ती पेन ड्राइव्ह तपासून आली. रविवारी सकाळी गाळ्यात हर्षलानं लिनक्स टाकायला घेतलं. पडद्यावर दोन ओळी आल्या. एक, विंडोजच्या शेजारी बसवा. दुसरी, सगळी डिस्क पुसून टाका.

"थांब गं! हात काढ माउसवरून," छाया ओरडली. तिनं दोन्ही ओळी बोट ठेवून वाचल्या, मग पुन्हा वाचल्या. "हां, वरची. आता दाब."

काम चालू झालं. छायानं गाळा झाडला. चहा सांगितला आणि प्यायचा विसरली. पडद्यावरची पट्टी पुढं सरकेना, तशी ती हर्षलाच्या खुर्चीमागं येरझारा घालू लागली.

शेवटी कॉम्प्युटर बंद होऊन पुन्हा सुरू झाला. त्यानं काही विचारलंच नाही. सरळ लिनक्स उघडलं.

"माजं कुठंय?" छायाचा आवाज बारीक झाला. आणि त्याच वेळी तिला आठवलं. पेन ड्राइव्हवर तिनं पूर्ण झालेली डिझाइनंच घेतली होती. श्रद्धा नावाच्या एका नवरीच्या शेल्यासाठी ती काढत असलेली भाताच्या लोंब्यांची किनार अर्धवट होती, म्हणून राहिली होती. तशी किनार तिनं कुठं बघून काढली नव्हती. पहिल्यांदाच मनानं काढली होती.

तिनं मशीन विकणाऱ्याला कर्जतला फोन लावला. "फॉरमॅट मारू, सगळं पुसून नवीन टाकून देतो," तो म्हणाला. छायानं फोन कापला.

हर्षलाचे डोळे भरून आले होते. "वहिनी, माझंच काहीतरी चुकलंय."

"रडू नको. सरक."

छाया उभ्यानंच माउस फिरवू लागली. जे दिसेल ते उघडायचं, बंद करायचं. असं करता करता पडद्याच्या एका कोपऱ्यातलं डिस्कचं चित्र दाबलं आणि आत तिच्याच फोल्डरांची नावं ओळीनं आली. मोर. वेली. श्रद्धा.

"आगं, हे बघ! हितंच हाय सगळं!"

हर्षला ताडकन उठली. "म्हणजे विंडोज गेलेलं नाही. नुसतं सुरुवातीच्या यादीत आलेलं नाही."

तिनं मोबाइलवर शोधून एक सेटिंग बदललं, आज्ञा टाइप केली. अक्षर चुकलं, पुन्हा टाइप केली. या वेळी कॉम्प्युटर सुरू होताना काळ्या पडद्यावर दोन्ही नावं आली. हर्षलानं विंडोज निवडलं. गोल चक्र फिरत राहिलं, ते छायाला बघवेना. "उघडलं की हाक मार," म्हणत ती रस्त्यावर गेली, आणि हाक आली तेव्हा धावतच आत शिरली. लोंब्यांची किनार जिथं सोडली होती तिथंच होती. आधी तिनं तिची कॉपी केली, मग खुर्चीत बसली.

श्रद्धाचा शेला वेळेवर गेला. हर्षला रोज संध्याकाळी गाळ्यात सराव करायची. पावसाळा संपता संपता तिला हवं ते खातं मिळालं आणि कंपनीनं तिला लॅपटॉपही दिला.

"वहिनी, आता लिनक्स काढून टाकू का? तुमची जागा मोकळी होईल."

"नको," छाया पटकन म्हणाली. मग जरा ओशाळली. "मी उघडते ना ते. दुपारची. त्यात भरतकामाची डिझाइनं काढायचं काय मिळतं का बघते."

"मिळालं?"

"एक मिळालं. पन त्याचा टाका माज्या मशीनला बसत नाय अजून," ती म्हणाली आणि बोलता बोलताच कॉम्प्युटर चालू करायला उठली.