टाकीला पाजलेलं दूध

आमच्या मिरजोळ्याच्या घरात गोबरगॅस आला, त्या दिवशी मी स्वतःच्या हाताने चूल फोडली.

"असू दे हो एका कोपऱ्यात," बायको म्हणाली. पण मी बीएस्सी (म्हणजे पहिल्या वर्षापर्यंत). घरात गॅस असताना चूल ठेवणं म्हणजे विज्ञानाचा अपमान! सावर्ड्याला सासूबाईंना तसा निरोपही धाडला, बिनधुराची घावनं खायला या म्हणून. पोरीच्या डोळ्यांना धूर सोसत नाही, हे त्यांनी लग्न ठरवतानाच मला बजावलं होतं.

त्या यायच्या आठवड्यातच आमच्या चंद्री म्हशीची कास सुजली. गुरांचे डॉक्टर रोज येऊन इंजेक्शन देत. "दूध घरात घेऊ नका, औषध उतरतं त्यात. ओतून द्या," ते म्हणाले. ओतून द्या! त्यांचं काय जातंय? चरवीभर दूध मातीत जाताना बघवेल, असा माणूस आमच्या घराण्यात अजून जन्मलेला नाही. मी ते शेणाबरोबर गॅसच्या टाकीत ओतू लागलो.

"अहो, टाकीला कुणी दूध पाजतं का?"

"पौष्टिक असतं. तुला त्यातलं कळत नाही."

ज्योत बारीक होत चालली. मी निदान केलं की खुराक कमी पडतोय, आणि चरवी विसळलेलं पाणीसुद्धा टाकीला पाजलं. (घरात मात्र कोरा चहा.)

सासूबाई आल्या. पीठ कालवून तयार. बायकोने काडी ओढली, शेगडीने एकदा फुस्स केलं आणि मान टाकली. अर्धी काडेपेटी संपली.

"चूल कुठाय गो?" सासूबाईंनी विचारलं. बायकोने नुसतं माझ्याकडे बोट दाखवलं.

शेवटी सासूबाईंनीच पदर खोचला, अंगणात चिऱ्याचे तुकडे मांडून जाळ केला आणि घावनं घालू लागल्या. बायकोचे डोळे लालभडक. धुराने की माझ्यामुळे, हे विचारायचा मला धीर झाला नाही.

तेवढ्यात डॉक्टर आले. चंद्री ठणठणीत होती. मी टाकीचं गाऱ्हाणं घातलं.

"औषध शेणातूनही उतरतं, गॅस थोडा कमी व्हायचाच," ते म्हणाले. "पण अगदी बंद? दूध कुठे ओतत होतात?"

मी चंद्रीच्या शेपटीकडे बघत राहिलो. उत्तर बायकोने दिलं.

डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. "अहो, टाकीतले जंतूच शेण कुजवून गॅस करतात. जंतू मारायचं औषध तुम्ही त्यांनाच पाजलंत. सगळे मेले असतील."

"सगळे?" घावन उलटत सासूबाई म्हणाल्या, "मग आमचे जावई कसे राहिले?"

बायको त्या दिवसात पहिल्यांदाच हसली. आणि बीएस्सीचं पहिलं वर्ष झालेला मी, निमूटपणे चुलीसाठी फाटी आणायला गेलो.