राखाडी कोटाचा वास

लाँड्रीच्या मागच्या खोलीत सव्वीस वर्षं इस्त्री करणाऱ्या बाईला नाक असतं, हे कुणाला खरं वाटत नाही. लोकांना वाटतं, तिला फक्त मनगट असतं. अहो, मनगट असतंच, आणि आधी जातं तेही तेच. पण कपड्यावर गरम वाफ सोडली की कपडा भडाभडा बोलायला लागतो. सिगारेट सोडली म्हणून कोण मिरवतो आणि चोरून कोण ओढतो, कुणाच्या घराला नवा रंग दिलाय, कुणाच्या खांद्यावर बाळानं दूध ओकलंय, सगळं कळतं. आमच्या मावशींना ते कळायचं आणि त्या ते पोटात ठेवायच्या. मावशी त्यांना सगळेच म्हणायचे. लाँड्रीचे मालक त्यांच्याहून सहा वर्षांनी मोठे, पण तेही मावशीच म्हणायचे.

तर या मावशींचा जीव एका वासावर जडला होता. थंडी सुरू झाली की दर आठवड्याला एक राखाडी लोकरीचा कोट यायचा, कॉलेजात शिकवणाऱ्या एका बाईंचा. त्यावर ओला फडका पसरून मावशी इस्त्री फिरवायच्या, वाफ वर यायची आणि तिच्याबरोबर तो वास. कसा होता विचाराल तर सांगता यायचं नाही. गोड होता, पण गुळमट नव्हता. तो आला की मावशी इस्त्री उभी करून क्षणभर डोळे मिटायच्या. धुलाईवाला म्हणायचा, "मावशी, झोप लागली का उभ्या उभ्या?" मावशी म्हणायच्या, "तू तुझं मशीन बघ रे बाबा."

त्या बाईंना त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. मागच्या खोलीतल्यांनी पुढे यायचं नाही असा काही नियम नव्हता, पण येत कुणी नसे. एकदा मात्र कोटाच्या खिशात सेंटची छोटी बाटली सापडली. खिशात सापडलेली वस्तू पाकिटात घालून पावतीला टाचायची, ही तिथली रीत. मावशींनी ती पाळली. फक्त पाकीट बंद करण्याआधी बाटलीवरचं नाव एका जुन्या पावतीच्या मागे उतरवून घेतलं आणि ती पावती चष्म्याच्या डबीत ठेवून दिली. चार वर्षं ती तिथेच पडून होती.

मग मनगटानं दगा दिला. सुजून हे एवढं झालं, पंधरा दिवस घरी बसावं लागलं. डॉक्टर म्हणाले, एखाददुसरा कपडा ठीक आहे, पण दिवसभर इस्त्री विसरा. कामावर परत आल्या तेव्हा मालकांनी समोर बसवून सांगितलं, "मावशी, पुढे काउंटरवर या. कपडे घ्यायचे, पावती करायची, लोकांशी दोन शब्द गोड बोलायचे. पुढच्या शनिवारी दुपारपर्यंत काय ते सांगा. तुम्ही नाही म्हणालात तर मला दुसरं माणूस बघावं लागेल, आणि आत तुम्हाला देण्यासारखं काम माझ्याकडे नाही."

म्हणजे काउंटर नाहीतर घर. सरळ होतं. दुसरी कुणी असती तर तिथल्या तिथे हो म्हणून मोकळी झाली असती. मावशी मात्र विचार करते म्हणाल्या आणि घरी गेल्या. काउंटरच्या पलीकडे उभी राहणारी माणसं त्यांना चेहऱ्यानं माहीत नव्हती, वासानं माहीत होती, आणि त्यातल्या प्रत्येकाला स्वतःचा असा एक वास होता. आपल्याला काय आहे? सकाळी ज्याचा शर्ट केला त्याचा वास, दुपारी जिचा ड्रेस केला तिचा. असं उसनं अंग घेऊन लोकांपुढे कसं बसायचं? हसू नका. सव्वीस वर्षं एका खोलीत काढली की माणसाला असंच काहीबाही वाटायला लागतं.

त्यांनी चष्म्याच्या डबीतली पावती काढली आणि सेंटच्या एका मोठ्या दुकानात गेल्या. तिथल्या मुलीनं कागदाच्या पट्टीवर थोडा सेंट मारून ती पुढे केली, "वास घेऊन बघा ना काकू." आता इथे मावशींचा ताठा आडवा आला. पट्टी बाजूला सारून त्या म्हणाल्या, "मला काय दाखवतेस गं, चार वर्षं दर आठवड्याला घेतेय मी हा वास. बांध तू." मुलीनं मुकाट्यानं बांधून दिलं. घरी येईपर्यंत मावशींनी पिशवी छातीशी धरली होती.

घरी आल्यावर हातपाय धुतले, केस विंचरले, आरशासमोर उभ्या राहिल्या आणि मनगटावर एक फवारा मारला.

शी! नाकात झणकन काहीतरी गेलं. लिंबू, स्पिरिट आणि वर कसलीतरी साखर. मावशींना वाटलं, थांबावं जरा, बसेल. बसलं नाही. तासाभरानं तर ते आंबल्यासारखं झालं. तेवढ्यात नवरा कामावरून आला. तो नळ दुरुस्त करणारा, आयुष्य मोऱ्यांमध्ये गेलेलं. त्यानं दारातच नाक वर केलं, "वा! आज फरशी अगदी मन लावून पुसलेली दिसतेय."

एरवी मावशींनी त्याला सोडला नसता. त्या दिवशी त्या उठून मनगट साबणानं घासायला गेल्या, तेव्हा तोच घाबरला.

पण मावशी हार मानणाऱ्यातल्या नव्हत्या. त्यांना तो वास आवडायला हवाच होता. दुसऱ्या दिवशी गळ्याला लावून पाहिला, तिसऱ्या दिवशी कपड्यांना. मग त्यांना वाटलं, आपण वाफ विसरलो! नवऱ्याचा लोकरी मफलर घेतला, त्यावर सेंट मारला, ओला फडका टाकला आणि घरची इस्त्री फिरवली. वाफेबरोबर नवऱ्याच्या दहा हिवाळ्यांचा घाम तेवढा वर आला. नवरा म्हणाला, "आता हा मफलर मी घालू की पुरू?" मावशी हसायला गेल्या आणि रडू आलं.

"अगं, सेंटच आहे ना? नाही आवडला, नाही आवडला," तो जवळ बसत म्हणाला.

"सेंट चांगलाच आहे रे. माझ्या अंगाला सोसत नाही. तो त्या लोकांचा आहे," मावशी म्हणाल्या. "मी नाही बसायची काउंटरवर. उद्या सांगून येते मालकांना."

"वासाचा आणि काउंटरचा काय संबंध?"

"तुला नाही कळायचं."

त्याला खरंच कळलं नाही. पण त्यानं वाद घातला नाही. उठला आणि मफलर धुवायला टाकला.

शनिवारी सकाळी मावशी नकार तोंडात घोळवतच लाँड्रीत शिरल्या. मालक फोनवर होते, पावडरवाल्याशी तावातावानं भांडत होते. त्यांनी हातानंच खूण केली, दहा मिनिटं इथे उभ्या राहा. आणि फोन घेऊन बाहेर गेले. झाली का पंचाईत! मावशी काउंटरमागे उभ्या राहिल्या, हात कुठे ठेवायचे ते त्यांना कळेना.

तेवढ्यात दार उघडलं आणि मावशींच्या नाकात झणकन काहीतरी गेलं. लिंबू, स्पिरिट, साखर. तेच ते बाटलीतलं! मान वर करून पाहिलं तर समोर एक उंच बाई आणि त्यांच्या हातावर राखाडी कोट.

म्हणजे बाटली खरी होती, आणि मावशींच्या अंगाचाही काही दोष नव्हता. या बाईंच्या अंगावरही तो तसाच झणझणत होता. मावशी पावती करायची विसरून नुसत्या बघत राहिल्या.

बाईंचा गैरसमज झाला. त्या ओशाळून म्हणाल्या, "फार येतोय ना वास? मलाही नाही हो आवडत. भाऊ दरवर्षी पाठवतो आणि पोचल्यावर विचारतो, लावतेस ना? त्याचं मन कुठे मोडू? लावते आणि संपवते."

"आवडत नाही?" मावशींनी विचारलं.

"अजिबात नाही. पण एक विचारू? तुमच्याकडून कोट परत येतो ना, तेव्हा काय सुंदर वास येतो त्याला! दोन दिवस मी तो खुर्चीवरच टाकून ठेवते. तुम्ही इस्त्री करताना घालता तरी काय? आमच्या शेजारणीनं तिचा कोट दुसऱ्या लाँड्रीत देऊन बघितला, त्याला नाही येत. आणि मागच्या महिन्यात दोनदा तुमच्याकडूनही नुसता स्वच्छ होऊन आला. तेव्हा वाटलं, ते जे काही होतं ते संपलं वाटतं तुमचं."

मागच्या महिन्यात पंधरा दिवस मावशी हात गळ्यात बांधून घरी बसल्या होत्या.

त्यांच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. सव्वीस वर्षं आपल्याला स्वतःचं काही नाही असं धरून चाललो, आणि ही बाई आपल्याच हातचा वास खुर्चीवर टाकून ठेवते! आनंद इतका झाला की तो लपवायचं त्यांना सुचलंच नाही.

"काही घालत नाही हो," त्या म्हणाल्या. "ओला फडका असतो आणि मी असते."

"मग तुम्हीच करत जा," बाई हसून म्हणाल्या.

मावशींनी पावती केली. अक्षर थोडं वाकडं आलं, पण नंबर बरोबर होता. बाई गेल्या आणि मालक घामाघूम होऊन आत आले. "सुटलो एकदाचा! हां मावशी, बोला. काय ठरलं तुमचं?"

मावशींनी राखाडी कोट इतर कपड्यांच्या ढिगातून वेगळा काढला आणि हातावर घेतला.

"बसते मी पुढे. पण हा कोट आत कुणी हातात घ्यायचा नाही. हा मी करणार."

मालकांनी आधी कोटाकडे पाहिलं, मग मावशींकडे. "करा की," ते म्हणाले.